बायबल, ईश्वरविज्ञान, समर्थन : कोणते पुस्तक आधी उघडावे?

ईश्वरविज्ञानाचे मी घेतलेले पहिले पुस्तक बाराशेहून अधिक पानांचे होते. चाळिसाव्या पानावर खूण म्हणून घातलेली चिठ्ठी अजून तिथेच आहे. पुस्तकाचे नाव सांगत नाही, कारण चूक पुस्तकाची नव्हती. भूक कशाची आहे हे न पाहता मी सगळ्यात मोठे ताट उचलले होते.

त्यामुळे "ख्रिस्ती विश्वासावर चांगली पुस्तके सुचवा" असे कोणी म्हणाले, की मी आधी उलट विचारतो : तुमचा प्रश्न कोणता आहे? बायबलमध्ये नेमके काय लिहिले आहे, हा एक प्रश्न. ते सगळे एकत्र ठेवले तर देव, माणूस, ख्रिस्त, तारण यांविषयी काय म्हणता येते, हा दुसरा. आणि हे खरे कशावरून, हा तिसरा. पहिल्याचे नाव बायबल अभ्यास, दुसऱ्याचे ईश्वरविज्ञान म्हणजे थिऑलॉजी, तिसऱ्याचे विश्वासाचे समर्थन म्हणजे अपोलोजेटिक्स. बहुतेक नवखे तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण कोणाशी तरी वाद झालेला असतो. पण ज्याचे समर्थन करायचे तेच वाचलेले नसेल, तर समोरच्याच्या दुसऱ्या प्रश्नाला पंचाईत होते. अपवाद एकच. शंका तुमची स्वतःची असेल आणि ती झोप लागू देत नसेल, तर सरळ चौथ्या पायरीवर जा आणि मग मागे या.

पहिली पायरी : आधी मूळ ग्रंथ

मार्ककृत शुभवर्तमान घ्या. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटे, सोळाच अध्यायांचे. एका बैठकीत, मोठ्याने वाचले तरी साधारण दीड तासात संपते. तुकड्यातुकड्याने वाचू नका. एका दमात वाचले की कथेचा वेग कळतो, आणि आठव्या अध्यायानंतर ती वधस्तंभाकडे कशी वळते तेही दिसते. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये लागोपाठ वाचा. ही दोन्ही थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून लिहिलेली आहेत, एकाच ग्रंथाचे दोन खंड म्हणा.

जुन्या करारात उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय सहज वाचून होतात. पुढे निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे आणि लेवीयातले यज्ञविधी सुरू होतात, आणि वर्षाच्या आरंभी संपूर्ण बायबल वाचण्याचा संकल्प केलेले बहुतेक लोक तिथेच गळतात. पहिल्या फेरीत हा भाग ओलांडून शमुवेलाच्या दोन पुस्तकांकडे गेलात तरी चालेल. लेवीय सोडायचे नाही, पण ते इब्री लोकांस पत्राबरोबर जोडीने वाचले तर अर्थ लागतो. एकटे वाचले तर नुसती यादी वाटते.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुमारास स्टीफन लँग्टनने केली, आणि नव्या करारातले वचनांचे क्रमांक रॉबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत घातले. शोधायला ते सोयीचे आहेत, वाचायला घातक. फिलिप्पैकरांस पत्रातले ४:१३ हे वचन, सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो, परीक्षेपासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत कशालाही चिकटवले जाते. त्याच्या आधीची दोन वचने वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल उपाशी राहण्याबद्दल बोलतो आहे, पोटभर जेवण्याबद्दल बोलतो आहे, आणि दोन्ही स्थितींत समाधानी कसे राहायचे ते शिकलो असे म्हणतो आहे. त्यातून यशाची हमी निघत नाही. यिर्मया २९:११ चेही तेच. शुभ भविष्याचे ते आश्वासन बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पाठवलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात सत्तर वर्षे वाट पाहायला सांगितले आहे. सत्तर वर्षांचे वचन मात्र कोणी भिंतीवर लावत नाही.

भाषांतरे किमान दोन ठेवा : एक मूळ शब्दांना धरून चालणारे, एक आजच्या सोप्या भाषेतले. दोन्हींत फरक दिसला की तिथे मूळ हिब्रू किंवा ग्रीकमध्ये काहीतरी अवघड आहे, हे ओळखायला ग्रीक यावी लागत नाही. मराठीत पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ भाषांतून बायबल मराठीत आणण्यासाठी घालवली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले होते. ते भाषांतर हाती लागले तर दुसरे म्हणून जवळ ठेवण्यासारखे आहे. (आणि नवख्यांना हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट : आपल्या बायबलमधले 'अनुवाद' हे भाषांतराविषयीचे प्रकरण नाही. ते मोशेचे पाचवे पुस्तक आहे.)

तुमच्या प्रतीत ६६ पुस्तके असतील, मित्राच्या प्रतीत ७३ असतील. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक परंपरांत जुन्या कराराची यादी वेगळी आहे. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हींत तीच.

दुसरी पायरी : वाचायचे कसे

इथे मी एकच पुस्तक सुचवतो. गॉर्डन फी आणि डग्लस स्टुअर्ट यांचे 'हाऊ टू रीड द बायबल फॉर ऑल इट्स वर्थ'. त्याची मांडणीच उपयोगी आहे. बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे, त्यात पत्रे, कथा, कायदे, कविता, दाखले, भविष्यवाणी असे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचे वाचनाचे नियम निराळे, असे धरून ते एकेका प्रकाराला स्वतंत्र प्रकरणे देतात. स्तोत्रात "नद्या टाळ्या वाजवोत" असे आले तर आपण भूगोल शोधत नाही. पण नीतिसूत्रांतले वाक्य मात्र पुष्कळ जण करारपत्र समजून वाचतात आणि मग देवाने शब्द मोडला म्हणून रुसतात. पत्रांची प्रकरणे आधी वाचा, मग पौलाचे एखादे छोटे पत्र एका बैठकीत वाचा. गलतीकरांस पत्र उत्तम. पौल एवढा चिडलेला आहे की इतर पत्रांत नेहमी येणारी सुरुवातीची उपकारस्तुतीच त्याने गाळली आहे.

यानंतर टीका, म्हणजे भाष्यग्रंथ. संपूर्ण बायबलवरचा संच घेण्याचा मोह आवरा. जे पुस्तक सध्या वाचताय त्यावरचे एक भाष्य पुरे. टिंडेल मालिकेतली भाष्ये आटोपशीर आहेत. एन. टी. राइट यांची 'फॉर एव्हरीवन' मालिका त्याहून सोपी. विल्यम बार्कले पहिल्या शतकातले घरदार, बाजार, चालीरीती डोळ्यांसमोर उभ्या करतात, त्यासाठी मी त्यांच्याकडे अजूनही जातो. चमत्कार आला की मात्र ते अनेकदा नैसर्गिक स्पष्टीकरणाकडे झुकतात, तिथे डोळे उघडे ठेवा. मॅथ्यू हेन्रीचे जुने भाष्य भक्तिपर वाचनाला छान आहे. तो १७१४ मध्ये वारला तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच मजकूर झाला होता, पुढचा भाग इतर पाळकांनी पुरा केला. पत्रांवर एकदम सूर बदलल्यासारखा वाटला तर कारण हे आहे.

तळटीपांचे अभ्यास-बायबलही घ्यावे, पण ओळीच्या वरचे शास्त्र आणि ओळीच्या खालचे कोणा विद्वानाचे मत, हा भेद विसरू नये. चांगल्या आवृत्तीची परीक्षा एका पानावर होते. मार्क १६:९ उघडा. शेवटची बारा वचने सर्वांत जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत, हे तिथे स्पष्ट लिहिले असेल तर संपादक तुमच्यापासून काही लपवत नाही.

आता एक धोक्याची पाटी. स्ट्राँगची शब्दसूची, १८९० ची, आता फोनवर फुकट मिळते. कुठल्याही शब्दावर बोट ठेवले की ग्रीक किंवा हिब्रू शब्द आणि त्याची व्युत्पत्ती समोर येते, आणि पंधरा दिवसांत माणूस स्वतःला भाषापंडित समजू लागतो. 'गवाक्ष' या शब्दात गाईचा डोळा आहे. पण खिडकी उघडताना आपल्याला गाय आठवते का? शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, मुळातून नव्हे. 'अगापे म्हणजे केवळ दैवी, निःस्वार्थ प्रेम' हे व्यासपीठावरून शंभरदा ऐकलेले असते. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ४:१० मध्ये, देमास पौलाला सोडून गेला कारण त्याला हे जग प्रिय झाले, आणि तिथले क्रियापद याच अगापेच्या कुळातले आहे. अशा चुकांवर डी. ए. कार्सन यांचे 'एक्झिजेटिकल फॅलसीज' हे लहानसे पुस्तक आहे. वाचताना स्वतःच्या जुन्या टिपणवह्या आठवून कान लाल होतात, ही त्याची शिफारस समजा.

तिसरी पायरी : सिद्धान्त, छोट्यापासून मोठ्याकडे

ईश्वरविज्ञानाचे सगळ्यात लहान पुस्तक एका पानाचे आहे. निकिया मतांगीकार, म्हणजे विश्वासाची थोडक्यात कबुली (नायसिन क्रीड). ३२५ च्या निकिया सभेत त्याचा पाया घातला गेला आणि आज म्हणतात ते रूप ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल सभेशी जोडलेले आहे. प्रत्येक वाक्यापुढे "हे कोणाला उत्तर म्हणून लिहिले असेल?" असे विचारत वाचा. "पित्याशी एकतत्त्व" हे शब्द नुसती सजावट नाहीत. पुत्र हा निर्माण केलेला आहे असे एरियस शिकवत होता, त्याला दिलेले ते उत्तर आहे.

मग प्रश्नोत्तरावली, म्हणजे कॅटेकिझम. ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली १५२९ ची, हायडेलबर्गची १५६३ ची. दुसरीत १२९ प्रश्न असून ते ५२ रविवारांत वाटलेले आहेत, म्हणजे वर्षभराचा अभ्यासक्रम तयारच आहे. तिचा पहिला प्रश्न देवाच्या व्याख्येचा नाही. जीवनात आणि मरणात तुझे एकमेव सांत्वन काय, असा आहे. कॅथलिक वाचकाला १९९२ ची 'कॅटेकिझम ऑफ द कॅथलिक चर्च' आहे, २८६५ परिच्छेदांची. ती सलग वाचण्यापेक्षा विषय काढून वाचायची. प्रॉटेस्टंटांनीही ती जवळ ठेवावी. कॅथलिक काय मानतात हे कॅथलिकांच्या तोंडून ऐकलेले बरे.

यानंतर आजच्या लेखकांपैकी एक. जे. आय. पॅकर यांचे 'नोइंग गॉड' (१९७३) किंवा जॉन स्टॉट यांचे 'बेसिक ख्रिश्चॅनिटी' (१९५८). ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ हाच तुमचा प्रश्न असेल तर स्टॉटचे 'द क्रॉस ऑफ ख्राइस्ट'. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा कळायला कॅलिस्टॉस वेअर यांचे 'द ऑर्थोडॉक्स वे'. ते आकाराने लहान आहे, आणि पाश्चात्त्य पुस्तकांवर वाढलेल्या वाचकाला त्यात वेगळीच हवा लागते.

आणि मग जुने पुस्तक. इथे बरेच जण कच खातात. अथानासियसच्या 'देहधारणाविषयी' या चौथ्या शतकातल्या ग्रंथाच्या १९४४ च्या इंग्रजी भाषांतराला ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी प्रस्तावना लिहिली. त्यांचे सांगणे असे, की एक नवे पुस्तक झाले की मध्ये एक जुने वाचल्याशिवाय दुसऱ्या नव्याला हात लावू नये. ते जमत नसेल तर निदान तीन नव्यांमागे एक जुने. प्रत्येक काळाच्या स्वतःच्या चुका असतात आणि त्या त्या काळातल्या सगळ्यांना सारख्याच दिसत नाहीत, हे त्यामागचे कारण. अथानासियस वाटतो तेवढा अवघड नाही. ऑगस्टीनची 'कबुलीजबाब' तर गोष्टीसारखी वाचवते : तेरापैकी पहिली नऊ पुस्तके आत्मचरित्र, दुसऱ्यात केवळ चोरीच्या आनंदासाठी चोरलेल्या नासपतींचा प्रसंग. दहाव्यापासून स्मृती, काळ, सृष्टी यांचे चिंतन सुरू होते. तिथे थांबून वर्षभराने परत आलात तरी ऑगस्टीनची हरकत नसावी.

जाडजूड व्यवस्थित ईश्वरविज्ञान, म्हणजे 'सिस्टेमॅटिक थिऑलॉजी', आता घ्यायला हरकत नाही. वेन ग्रूडेम यांचे सोप्या भाषेतले आहे, पण त्यांची बाजू ठरलेली आहे, आणि ते ती लपवत नाहीत. ॲलिस्टर मॅक्ग्रा यांचे 'ख्रिश्चन थिऑलॉजी : ॲन इंट्रोडक्शन' कोण काय म्हणाले याचा नकाशा देते. अशी पुस्तके शब्दकोशासारखी वापरायची. घेण्याआधी बाप्तिस्म्याचे प्रकरण काढून पाहा. बालकांचा बाप्तिस्मा की विश्वास ठेवणाऱ्यांचाच, यात लेखक एक बाजू घेणारच. दुसरी बाजू त्याने अशी मांडली आहे का, की ती मानणारा माणूस "हो, मी हेच म्हणतो" म्हणेल? मांडली असेल तर लेखकावर इतर प्रकरणांतही भरवसा ठेवा.

चौथी पायरी : समर्थन

अपोलोजेटिक्स हा शब्द ग्रीक 'अपोलोगिया'वरून आला. न्यायालयात आपली बाजू मांडण्यासाठी तो वापरत. पेत्राच्या पहिल्या पत्रात, ३:१५ मध्ये, आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असे सांगितले आहे, आणि त्याच दमात ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्यायलाही. दुसरा भाग वादाच्या भरात पहिल्यांदा गळतो.

सुरुवात लुईस यांच्या 'मिअर ख्रिश्चॅनिटी'ने करा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवर दिलेल्या भाषणांचे ते पुस्तक, १९५२ चे. नभोवाणीवर बोलायचे असल्यामुळे वाक्ये छोटी आणि उदाहरणे रोजची. त्यातला गाजलेला युक्तिवाद असा : येशूने स्वतःबद्दल जे दावे केले ते पाहता तो निव्वळ थोर नीतिशिक्षक असू शकत नाही, तो वेडा, दुष्ट किंवा खरोखर प्रभू असला पाहिजे. हा युक्तिवाद पाठ करून वादात उतरू नका. चाणाक्ष माणूस लगेच चौथी शक्यता काढेल, की ते दावे येशूने केलेच नसतील, नंतर कोणी त्याच्या तोंडी घातले असतील. हा प्रश्न तर्काने सुटत नाही, इतिहासाने सुटतो. म्हणून पुढचे पुस्तक एफ. एफ. ब्रूस यांचे 'द न्यू टेस्टामेंट डॉक्युमेंट्स : आर दे रिलायबल?' मूळ १९४३ चे आणि अजूनही बारीक चणीचे. पुढे जायचे असेल तर रिचर्ड बॉकम यांचे 'जीझस अँड द आयविटनेसेस', आणि पुनरुत्थानावर एन. टी. राइट यांचा आठशे पानांच्या घरातला ग्रंथ. ली स्ट्रोबेल या पत्रकाराचे 'द केस फॉर ख्राइस्ट' भराभर वाचून होते, पण त्यात मुलाखती एकाच बाजूच्या विद्वानांच्या आहेत. खटला म्हणायचे आणि विरुद्ध बाजूचा वकील बोलवायचा नाही, हे मला खटकते.

हस्तलिखितांतल्या पाठभेदांबद्दल ऐकून कोणी घाबरला असेल तर एक गंमत सांगतो. नव्या कराराचे अभ्यासक बार्ट अर्मन यांच्या याच विषयावरच्या 'मिसक्वोटिंग जीझस'ने (२००५) अनेकांची झोप उडवली. ते पुस्तक त्यांनी आपले गुरू ब्रूस मेट्झगर यांना अर्पण केले आहे. मेट्झगर शेवटपर्यंत श्रद्धावान राहिले, अर्मन यांनी श्रद्धा सोडली. आणि त्याच २००५ मध्ये मेट्झगर यांच्या 'द टेक्स्ट ऑफ द न्यू टेस्टामेंट'ची चौथी आवृत्ती निघाली, तिच्यावर दोघांचीही नावे आहेत. पुरावा तोच, निष्कर्ष दोन. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचा. मतभेद आकडेमोडीत कमी आणि त्यावरून काय ठरते यात जास्त आहे, हे दिसेल.

दुःखाचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. लुईस यांचे 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' (१९४०) तर्काने चालते. वीस वर्षांनी त्यांची पत्नी कर्करोगाने गेली आणि त्यांनी टोपणनावाने 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' (१९६१) लिहिले. त्यात देवाच्या दाराला आतून कडी लागल्यासारखे वाटते असे तोच माणूस म्हणतो. दोन्ही वाचा, याच क्रमाने. पण ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झालाय त्याच्या हातात पहिले पुस्तक देऊ नका. दुसरेही लगेच नको. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. तर्कशुद्ध मांडणी हवी असेल, तर ॲल्विन प्लँटिंगा यांचे 'गॉड, फ्रीडम अँड ईव्हिल' (१९७४) पेन्सिल घेऊन वाचा. देव आणि दुष्टाई यांचे एकत्र असणे तर्काने अशक्य आहे, या आक्षेपाला ते उत्तर देते; दुष्टाई का आहे हे सांगण्याचा दावा करत नाही.

विरोधी पुस्तके मूळातून वाचायची. बर्ट्रंड रसेलचे 'व्हाय आय ॲम नॉट अ ख्रिश्चन' हे १९२७ चे व्याख्यान लहान आहे, जे. एल. मॅकी यांचे 'द मिरॅकल ऑफ थीइझम' त्यापेक्षा खूपच कसदार. ही रीत जुनी आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने केल्ससच्या टीकेला उत्तर लिहिताना त्याची वाक्ये इतकी उतरवून घेतली, की केल्ससचे पुस्तक हरवले तरी बराचसा मजकूर आज ओरिजेनमुळेच टिकून आहे. आपल्या बाजूच्या लोकांची टीकाही ऐकावी. १९४८ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबमध्ये एलिझाबेथ ॲन्सकोम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी लुईस यांच्या 'मिरॅकल्स'मधल्या तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवले. त्या स्वतः निष्ठावंत कॅथलिक होत्या. लुईस यांनी १९६० च्या आवृत्तीसाठी ते प्रकरण नव्याने लिहिले. जुनी आवृत्ती हाती आली तर त्या प्रकरणापुरती बाजूला ठेवा.

वहीबद्दल थोडेसे

प्रत्येक प्रकरण झाले की पुस्तक मिटून तीन वाक्ये लिहा : लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर, आणि मला कुठे पटले नाही. तिसरे वाक्य सुचत नसेल तर प्रकरण पुन्हा वाचा. उद्धृत केलेले प्रत्येक वचन बायबलमध्ये काढून त्याच्या आधीचा-नंतरचा परिच्छेद पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण लेखक किती काळजीपूर्वक आहे हे दोनच प्रकरणांत कळते. शक्य असेल तर कोणाबरोबर तरी वाचा, शक्यतो दुसऱ्या परंपरेतल्या माणसाबरोबर. जुन्या ग्रंथांवर पैसे घालवू नका. ऑगस्टीन, अथानासियस, कॅल्विन यांची स्वामित्वहक्क संपलेली इंग्रजी भाषांतरे 'ख्रिश्चन क्लासिक्स इथिरिअल लायब्ररी' या संकेतस्थळावर मोफत आहेत.

काही पुस्तके पहिल्या वर्षी लांबच ठेवा. थॉमस अक्वायनसचा 'सुम्मा' आखीव आहे, आधी आक्षेप, मग उत्तर, मग एकेका आक्षेपाचे निरसन. देवाच्या अस्तित्वाचे पाच मार्ग असलेला एक लेख वाचून पद्धत समजून घ्या आणि बाकीचा राहू द्या. तो अक्वायनसनेही पुरा केला नाही. कार्ल बार्टची 'चर्च डॉग्मॅटिक्स'ही अपुरीच राहिली, आणि तिचे अपुरेपणही हजारो पानांचे आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकावरची पुस्तके अगदी शेवटी. विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकाने दानीएलच्या पुस्तकातल्या आकड्यांवरून येशूच्या पुनरागमनाचा काळ काढला होता, त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, आणि २३ ऑक्टोबर नेहमीसारखा उजाडला. प्रकटीकरणावर पुस्तक घ्यायचेच असेल, तर आत कुठे तारीख दिलेली नाही ना, एवढे आधी चाळून पाहा.